तीन तांदळांच्या मापाचं शिरस्त्राण

ते शिरस्त्राण पहिल्यांदा बसलं ते नारळावर. माझ्या डोक्यासाठी मी दोन तास खपून कापलं, चिकटवलं, आणि बसलं कुठे, तर देवापुढच्या नारळावर! मी तर थक्कच झाले. मासिकात छापलेला नमुना चुकीचा असू शकतो, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि आमच्या बाईंनी स्वतः एक नाटुकलं लिहिलं होतं. एक किल्ला, त्याला पडलेला वेढा आणि शेवटपर्यंत न हटणारा सेनापती. तो सेनापती मी. माझा आवाज मोठा होता म्हणून काम मला मिळालं. घरी त्याच आवाजाबद्दल रोज बोलणी खात होते ती गोष्ट वेगळी. बाईंनी एकच अट घातली होती. "कपडे, सामान ज्याचं त्याने आणायचं. आणि डोक्यावर शिरस्त्राण नीट बसलं पाहिजे. पंचा गुंडाळून आलीस तर काम दुसरीला देईन." ही दुसरी माझ्याच बाकावर बसायची. विषमज्वरातून उठलेली, केस गळून मुलासारखे झालेले. तिला माझी सगळी वाक्यं पाठ होती आणि ती मुद्दाम माझ्या कानाशी पुटपुटायची. मला असा राग यायचा! ते काम माझ्या हातून गेलं असतं तर मी जन्मभर तिचं तोंड बघितलं नसतं.

नमुना सापडला होता मुलांच्या एका मासिकात. मधल्या पानावर सहा पाकळ्या, एक लांब पट्टी, मानेवर यायचा एक पंख्यासारखा तुकडा आणि टोकाला लावायचा भाला. कापा, दुमडा, चिकटवा. मी पान पुठ्ठ्यावर ठेवलं, गिरवलं, कापलं. मग तो नारळ.

"खाली काय लिहिलंय ते वाच की मेले," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरी. लाल अलवण, डोकं तुळतुळीत, त्यावर पदर घट्ट ओढलेला. दर महिन्याला न्हावी मागच्या दाराने यायचा आणि ती परसात जाऊन पाटावर बसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. दूधवाला येतो, तसा न्हावी येतो. जन्मल्यापासून तेच बघत होते. वडिलांसमोर ती तोंडातून शब्द काढायची नाही, पण वडील कचेरीत गेले की तिच्या जिभेला जी धार चढायची, विचारू नका.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: आकृती मूळ मापाच्या एक तृतीयांश.

"म्हणजे तिप्पट करायची," मी म्हटलं. "पण वाढवायची कशी? पट्टीने ह्या वाकड्या रेषा कशा मोजू?"

"वाकडी रेघ मोजायची नसते. ठिपक्यांत धरायची असते," ती म्हणाली. "रांगोळी काढतेस ना? सात ठिपक्यांची वेल घरात काढतेस, तीच अंगणात काढताना काय करतेस? ठिपके तेवढेच, अंतर वाढवतेस. मग?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. सणासुदीला दारात रांगोळी काढायला तिला कोणी बोलावत नसे, तिनेही कधी हात लावला नव्हता. मला वाटायचं तिला येतच नाही.

मग मागच्या पडवीत आमचा कारखाना सुरू झाला. आत्याने मूठभर तांदूळ आणले. मासिकाच्या पानावर एका तांदळाच्या अंतराने ठिपके घातले. उभे, आडवे, सगळे एका रेषेत. मग जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून मोठा कागद केला आणि त्यावर तेवढेच ठिपके, पण तीन-तीन तांदळांच्या अंतराने. एकामागे एक तांदूळ लावायचे, ठिपका द्यायचा, तांदूळ पुढे सरकवायचे. "पाकळी तिसऱ्या ठिपक्याला लागते, मग चौथ्याच्या जरा आतून जाते, बघ. इकडेही तशीच ने." दोन दुपारी आम्ही पालथ्या पडून होतो. माझ्या पाठीला रग लागायची, तिच्या लागत नसे.

पाकळ्या वाढल्या. पट्टी वाढली. आत्याने एक दोरा माझ्या कपाळावरून, कानांच्या वरून, मागे वेण्यांच्या खालून फिरवून गाठ मारली आणि तो दोरा पट्टीशी लावून बघितला. पट्टी चार बोटं जास्त! मासिकवाल्यांनी बाप्याचं डोकं धरलं होतं, पोरीचं नव्हे. मी रडायच्या बेतात आले. आता तीन तांदळांना किती कमी करायचं? अडीच तांदूळ? तांदूळ मोडून ठेवायचा?

आत्या उठली आणि स्वयंपाकघरातून दुसरी वाटी घेऊन आली. पहिले तांदूळ होते आमच्या रोजच्या भाताचे, लांब आणि जाडे. हे होते सणाचे आंबेमोहोर, बुटके. "छोट्या कागदावर जाडा राहू दे," ती म्हणाली. "मोठ्यावर तीन आंबेमोहोर लाव. आपोआप कमी होतंय की नाही बघ." पुन्हा ठिपके, पुन्हा पट्टी. दोरा लावला. तंतोतंत! मी ओरडलेच. पुढे आयुष्यात मी बरीच शिकलेली माणसं पाहिली, पण असं डोकं कुणाचं पाहिलं नाही. बाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं हो!

पुठ्ठा कापडवाल्याकडून आणला, कापडाच्या ताग्यात घालतात तो. गव्हाच्या पिठाची खळ, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. वरून सिगारेटच्या पाकिटातली चांदी, ती गोळा करायला मी कुणाकुणाच्या दारात गेले ते वडिलांना कळलं असतं तर पाय मोडला असता. एकेक पाकळी वळवून, शेजारचीला जोडून, ओल्या खळीवर फडकं दाबून धरायचं. पण ओला पुठ्ठा आकार धरेपर्यंत कशावर तरी बसवून ठेवायला लागतो. मी दिवसभर शाळेत. तेव्हा आत्याने तो दोरा स्वतःच्या डोक्याला लावून बघितला.

"अगं बाई! आपलं डोकं एकाच मापाचं."

आणि तिने ते शिरस्त्राण स्वतःच्या डोक्यावर बसवायला सुरुवात केली. पदर खाली, डोक्यावर अर्धं चंदेरी शिरस्त्राण, पुढ्यात विळी, आणि ही भाजी चिरत बसलेली! आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातली कळशीच निसटली. "अहो वन्सं! हे काय! कोणी बघितलं तर?"

"बघू दे. किल्ला मी राखतेय," आत्या म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

आई पदराने तोंड दाबून हसत होती आणि घाबरून दाराकडेही बघत होती. आत्याला इतकं मजेत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिने मला घंगाळात पाणी ओतायला लावलं आणि त्यात वाकून स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कपाळाशी जरा कमी करायला हवं."

शुक्रवारी मी ते शाळेत नेलं. फडक्यात बांधून, पोटाशी धरून. मुलींच्या तोंडाचे चंबू झाले. बाईंनी बोटाने टकटक करून बघितलं, म्हणाल्या, "खरंच कागदाचं आहे?" मी डोक्यावर घातलं. फक्कड बसलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

"आणि वेण्या?" बाई म्हणाल्या.

"वेण्यांचं काय?"

"सेनापती वेण्या सोडून लढायला जातो का? आत घाल त्या."

माझे केस कमरेच्या खाली जायचे. आई दर रविवारी शिकेकाई लावून धुवायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. दोन्ही वेण्या मी गुंडाळून डोक्यावर बांधल्या आणि शिरस्त्राण घालायला गेले. ते डोक्यावर टांगलं राहिलं. भुवयांच्या वर वीतभर. अख्खा वर्ग खो खो हसला. एवढी ठिपक्यांची मोजणी, एवढे तांदूळ, दोरा, तीन-तीनदा जुळवलेली पट्टी, आणि केस? केस कुणाच्याच कसे लक्षात आले नाहीत?

"उद्या सकाळी रंगीत तालीम," बाई म्हणाल्या. "जमलं तर ठीक. नाहीतर हिला देते. हिचे केस आटोपशीर आहेत." 'ही' कोण ते सांगायला नको.

घरी येऊन मी आत्यावर तुटून पडले. "तुला साधं कळलं नाही? माझ्या डोक्यावर केस आहेत हे दिसलं नाही तुला?"

आत्याने माझ्या डोक्याकडे बघितलं, मग हात स्वतःच्या पदराखाली नेला. "नाही गं," ती हळूच म्हणाली. "लक्षातच नाही आलं. डोकं म्हटलं की माझ्या मनात हे असंच येतं."

मला तेव्हा एवढंच कळलं की चूक हिची आहे. बारा वर्षांच्या मुलीला दुसरं काय कळणार? तिने सांध्यात पाचर घालते म्हणून सांगितलं, पण खळ वाळायला दोन दिवस लागणार होते. चांदीही संपलेली. आईने केस ओले करून, तेल चोपडून, चपटे बांधून बघितले. नाहीच. मी जेवले नाही.

शनिवारी सकाळी मी न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि आत्याच्या कागद कापायच्या कात्रीने दोन्ही वेण्या कापल्या. कानाच्या खालून. एवढे जाड केस, एका झटक्यात कुठले तुटायला! करवतल्यासारखे कापले. वेण्या रिबिनीसकट मोरीत पडल्या. मी शिरस्त्राण घातलं. बसलं! मी न्हाणीघरातच उडी मारली. खरं सांगते, त्या क्षणी मला दुःख नाही, भीती नाही, काही नाही. फक्त आनंद. मी डोक्यावर शिरस्त्राण घालून माजघरात आले आणि मोठ्याने पहिलं वाक्य म्हटलं.

"बसलं गं बाई!" आत्या टाळी वाजवत उठली. "काय केलंस? कसं बसलं?"

मी शिरस्त्राण काढलं.

त्यानंतर काय झालं ते नीट क्रमाने आठवत नाही, इतकी मी हादरून गेले. आईची किंकाळी आठवते. ती धावत न्हाणीघरात गेली, वेण्या बघून पुन्हा किंचाळली आणि बाहेर येऊन मला धपाधप मारायला लागली. मारत होती आणि स्वतःच रडत होती. नेमकी त्याच वेळी मिठागरावरची मीठवाली मागच्या दारात टोपली घेऊन उभी. तिने माझ्याकडे बघितलं आणि टोपली खालीच ठेवली. "अगो बाय! ह्या काय केलास गो? तुमच्या घरान सगली बरी हायत ना?" घरात कोणी गेलं की काय, असं विचारत होती ती. आईने तिला हाताने परतवून लावलं. तोवर मला माझ्या डोक्याचा अर्थ असा काही असेल असं वाटलंच नव्हतं.

वडील पूजेवरून उठून आले. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली. "केस वाढेपर्यंत ही दाराबाहेर पडायची नाही," ते आईला म्हणाले. "शाळा नाही, नाटक नाही. विचारलं तर आजारी आहे म्हणून सांगा. लोक काय म्हणतील? बापाच्या जिवंतपणी पोरगी अशी फिरतेय?"

म्हणजे काम गेलं. केस गेले आणि कामही गेलं.

"दादा, तिला जाऊ दे."

आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो, कोण बोललं म्हणून. आत्या न्हाणीघराच्या दारात उभी होती. माझ्या दोन्ही वेण्या तिने उचलून आणल्या होत्या, पदराने पुसत होती. वडिलांच्या तोंडावर तिने उत्तर दिलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"तू मध्ये बोलू नकोस," वडील म्हणाले.

"नाही बोलले इतकी वर्षं. आज बोलते." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशीही तुम्ही सगळे हेच म्हणत होतात. लोक काय म्हणतील. न्हाव्याला बोलवायला तू गेला होतास, दादा. मी खिडकीतून बघत होते. वाटेत तुला कुणीतरी हाक मारली, तू थांबलास, मला वाटलं परत येतोयस. नाही आलास. न्हाव्याला घेऊनच आलास."

आयुष्यात कुणाला जाब न देणारे माझे वडील, खांबाला हात लावून उभे राहिले.

"हिला कुणी धरून बसवलं नाही," आत्या म्हणाली. "हिने आपल्या हौसेने कापलेत. हौसेने कापलेले केस मी आज पहिल्यांदा बघतेय. तिला जाऊ दे."

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला, तरी आई हलली नाही. मग वडिलांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तालीम किती वाजता आहे?"

ते स्वतः मला शाळेत घेऊन गेले. शिरस्त्राण त्यांनी काखेत धरलं होतं. बाजारातून जाताना लोक बघत होते, एकदोघांनी थांबून विचारलंही. वडील म्हणाले, "नाटकात काम आहे तिचं." बस, एवढंच. आत्याकडे वळून ते एक शब्द बोलले नव्हते, आणि पुढेही कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

तालीम झाली. काम माझंच राहिलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमही झाला, टाळ्या पडल्या, किल्ला मी शेवटपर्यंत लढवला. त्या सगळ्याची मला मोठी ऐट होती, पण ते सगळं आता धूसर झालंय. धूसर झाली नाही ती शनिवारची दुपार.

तालमीहून आल्यावर आत्याने मला पडवीत पाटावर बसवलं. केस एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत, मधूनच एखादी बट लोंबतेय असा अवतार होता. ती कात्रीने सारखे करत होती. बोटांत केस धरायची, मोजायची, कापायची. किती हलका हात होता तिचा! मला सुस्ती आली होती. काम मिळालं होतं, मार थांबला होता, वडील बोलले नव्हते पण नेलं होतं. सगळं झकास झालं असं मला वाटत होतं. त्या सुखातच मी विचारून बसले.

"आत्या, तुझे कापले तेव्हा दुखलं होतं का गं?"

कात्री थांबली नाही. "डोकं नाही दुखलं. न्हाव्याचा हात चांगला होता. दंड दुखले. चार दिवस काळेनिळे होते."

"दंड का?"

"मी उठून पळत होते ना. धरून ठेवावं लागलं."

"कोणी धरलं?"

मला वाटलं सासरचं कोणी असेल. नाहीतर शेजारचं. फार तर आजोबा. मला राग करायला एखादं माणूस हवं होतं.

"आईने," आत्या म्हणाली. "तुझ्या आजीने. रडत होती बिचारी, माझ्यापेक्षा मोठ्याने. पण हात नाही सोडले." तिने माझी हनुवटी धरून चेहरा समोर वळवला. "हलू नकोस. डावीकडचे अजून लांब आहेत."